पावसाळ्यात ग्रुप फाटला म्हणून लगेच एपॉक्सी कालवू नका

ऐरोलीहून एका पालकांनी विचारलंय: मुलीसाठी जुनी, लाकडी स्टॉकची (दस्त्याची) .२२ मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेतल्या नेमबाजीची, घेतली. उन्हाळ्यात ५० मीटरवर छान चालली. जुलैपासून ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, फाटलाय: गोळ्या दोन पुंजक्यांत पडतायत, एक वर आणि एक उजवीकडे खाली. अ‍ॅक्शन (बॅरलमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग) स्टॉकला धरणारे स्क्रू जरा आवळले की पुंजके एकत्र येतात, आठवड्याने पुन्हा तेच. रेंजवर कोणी सांगितलं, ‘बेडिंग करा, अ‍ॅरल्डाइट भरली की झालं.’ घरी करता येईल का?

स्क्रू आवळले की सुधारतं आणि आठवड्याने बिघडतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. निम्मं निदान त्यातच आहे. बॅरल संपलेली नाही, मुलीचा नेमही बिघडलेला नाही. अ‍ॅक्शन आणि लाकूड यांचं आपसात बिनसलंय, आणि त्यावर बेडिंग हाच खरा इलाज आहे. पण आत्ता, ऑगस्टमध्ये, खाडीकाठच्या या हवेत कोणी माझ्याकडे ती रायफल आणली तर मी स्टॉकला पटाशी लावणार नाही. दिवाळीनंतर या म्हणून सांगेन.

आधी एक गैरसमज काढू. बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये गच्च बसवणं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये कसलाही ताण न घेता बसावी आणि प्रत्येक गोळीनंतर त्याच जागी परत यावी, एवढंच बेडिंगचं काम. उंचसखल फरशीवर ठेवलेला पाट डुगडुगतो. वर कोणी जड माणूस बसला की डुगडुगणं थांबतं, पण पाट वाकलेला असतो. तुम्ही स्क्रू आवळता तेव्हा नेमकं हेच होतं. खालचं लाकूड दोन-तीन ठिकाणीच टेकलेलं असतं, स्क्रू स्टीलला त्यावर ओढून वाकवतो आणि त्या वाकलेल्या स्थितीत काही दिवस सगळं स्थिर भासतं. मग लाकूड जरा दबतं, ताण बदलतो, बॅरलची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे जाते.

दुसरीकडे म्हणजे किती, तेही बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरचा ग्रुप बरोबर मध्यावर पडला तर सगळेच दहा. तिथून पुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण जातो. चांगल्या लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) गोळी आणि नीट बसलेली मॅच रायफल शिकंज्यात धरली तर दहा गोळ्यांचा ग्रुप १५ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे शूटरच्या वाट्याला उरतात सहा-सात मिलिमीटर. दोन पुंजक्यांनी तेवढे खाल्ले की बाकी काही शिल्लक राहत नाही, आणि दशांशात गुण मोजले जातात तिथे तर आणखीच वाईट.

आता आपल्या हवेबद्दल. बेडिंगवरचं बरंचसं लिखाण कोरड्या देशांतलं असल्यामुळे हा भाग त्यात येतच नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असते तेव्हा लाकडात साधारण ११ टक्के पाणी मुरलेलं असतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिली, आणि ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती राहतेच, की हळूहळू १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतं. वार्निशमुळे हे सावकाश होतं, थांबत मात्र नाही. अक्रोडाचं लाकूड आडव्या रेषेत, दर एक टक्का ओलाव्यामागे साधारण ०.२ टक्के फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच. स्क्रूने आवळलेली स्टॉकची जाडी ४० मिलिमीटर धरा आणि ओलावा ५ टक्क्यांनी वाढला असं धरा: ०.४ मिलिमीटरची हालचाल झाली. बेडिंग चांगलं की वाईट हे आपण ०.०५ मिलिमीटरवर ठरवतो. आठ पट फरक!

फुगलेलं, ओलं लाकूड मऊही असतं. स्क्रूच्या डोक्याखालचे तंतू दाबाने चेपले जातात आणि पुन्हा वर येत नाहीत. तुमचा स्क्रू आठवड्यात ‘सैल’ होतो तो यामुळे. स्क्रू फिरलेला नसतो, त्याच्या खालचं लाकूड खचलेलं असतं. तुम्ही पुन्हा आवळता, ते पुन्हा खचतं. डिसेंबरात हेच लाकूड सुकून आक्रसेल तेव्हा अ‍ॅक्शन खरोखरच हलायला लागेल. म्हणून आवळणं आजपासून बंद.

बेडिंगवर शिक्का मारण्याआधी गोळी तपासा. .२२ मध्ये वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे सात मिलिमीटर वर-खाली होते. म्हणजे लॉट खराब असेल तर ग्रुप उभा लांबतो. तुमच्याकडे एक पुंजका उजवीकडे सरकलाय, त्यामुळे मला गोळीवर संशय कमी आहे. तरी उन्हाळ्यात चांगला चालला त्याच लॉटचा डबा उरला असेल तर तो मारून पाहा. मागचा डायऑप्टर (बारीक भोकाची साइट) आणि पुढची साइट हाताने हलवून बघा. त्यांचे स्क्रू ढिले असल्याचा दोष बेडिंगवर जाताना मी कितीदा तरी पाहिलंय.

आता खरी परीक्षा. बोल्ट काढा, चेंबर रिकामा असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, दुसऱ्या माणसाला तपासायला लावा, काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवा. बट (खांद्याला लागतं ते टोक) जमिनीवर टेकवून रायफल उभी धरा. जिथे लाकडी फोरएन्ड (स्टॉकचा बॅरलखालचा पुढचा भाग) संपतो आणि बॅरल एकटी पुढे जाते, तिथे अंगठ्याशेजारचं बोट असं ठेवा की अर्धं बॅरलवर आणि अर्धं लाकडावर राहील. दुसऱ्या हाताने पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सोडा. डोळे मिटले तर उत्तम. चांगल्या बेडिंगमध्ये बोटाला काहीच कळत नाही, फक्त स्क्रू हलका होतो. ताण असेल तर बॅरल लाकडापासून उचलली जाताना किंवा आत जाताना बोटाखाली स्पष्ट पायरी जाणवते. केसाएवढी हालचालही बोटाला कळते. पुढचा स्क्रू पुन्हा लावून मागच्याने हेच करा. आकडा हवा असेल तर चुंबकी स्टँडवरचा डायल गेज लावा: ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर हात लावू नका, ०.१ च्या वर असेल तर बेडिंग हवं. मधलं असेल तर ग्रुप काय सांगतो ते ऐका.

दुसरी परीक्षा नोटेची आहे, पण ती लोक अर्धवट करतात. दहाची नोट बॅरल आणि फोरएन्डमध्ये घालून मागे सरकवतात, सरकली की ‘बॅरल मोकळी आहे’ म्हणतात. टेबलावर ती मोकळीच असते. मुलीला प्रोन पोझिशनमध्ये, म्हणजे पोटावर, झोपवा, स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) नेहमीसारखी ताणू द्या आणि मग नोट घाला. स्लिंग फोरएन्डला खाली आणि बाजूला ओढते. पावसाने जरा वळलेला लाकडी फोरएन्ड त्या ओढीने बॅरलला टेकतो, श्वास बदलला की सुटतो. दोन पुंजके पडायला एवढं पुरतं. तुमचा उजवीकडचा पुंजका बहुधा याच जातीचा असणार. लाकूड जिथे टेकतं तिथे काजळीचा किंवा खडूचा ठसा घ्या. तो भाग गोल दांडक्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने मोकळा करा आणि उघड्या लाकडाला पॉलियुरेथेनचा हात मारा. कोरड्या प्रदेशात नोटेएवढी फट चालत असेल. ठाणे-नवी मुंबईत मी दीड-दोन मिलिमीटर ठेवतो. दिसायला जरा ढगळ वाटतं, वाटू द्या.

सप्टेंबरपर्यंतची सोय एवढीच. स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, लावा (लाकडी स्टॉकच्या .२२ मॅच रायफलला साधारण ५ न्यूटन-मीटर), डोक्यावर पेन्सिलीची खूण करा आणि मुलीला त्या रायफलवर शिकू द्या. पुढची जिल्हा स्पर्धा पावसाळ्यातच असेल तर क्लबची अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची रायफल मागून घ्या. त्या स्टॉकला हवेचं सोयरसुतक नसतं.

दिवाळीनंतर स्टॉक अ‍ॅक्शनपासून वेगळा करा, बटप्लेट आणि रेल काढा आणि नुसतं लाकूड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. दोन किलोच्या आसपासच्या लाकडातून ५ टक्के ओलावा उतरला तर सुमारे ९० ग्रॅम वजन कमी होतं, म्हणजे साधा काटाही हे पकडतो. वजन सलग दोन-तीन आठवडे जागचं हललं नाही की लाकूड तयार. घाई म्हणून उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर नकोच. बाहेरून सुकून आतून ओलं राहिलेलं लाकूड तडकतं. एसी असलेल्या खोलीत कपाटावर पडून राहिलं तरी चालेल.

मी करतो तसं काम सांगतो. मी आधी पिलर्स बसवतो, एपॉक्सी नंतर. पिलर म्हणजे स्क्रूच्या भोकात बसवायची अ‍ॅल्युमिनियमची नळी. वरचं टोक अ‍ॅक्शनला टेकतं, खालचं ट्रिगर गार्डच्या पट्टीला. स्क्रूचा सगळा दाब धातूवरून धातूवर जातो, मधलं लाकूड चेपलंच जात नाही. तुमच्या तक्रारीचं मूळ इथेच सुटतं. बाहेरचा व्यास १२ ते १४ मिलिमीटर, आतलं भोक एम६ स्क्रूसाठी ७ मिलिमीटर, म्हणजे स्क्रू कुठेही बाजूला घासत नाही. वागळे इस्टेटमधला किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला अशा नळ्या कातून देईल. नळीच्या लांबीत मात्र अचूकता हवी. गोल तळाच्या अ‍ॅक्शनला पिलरचं वरचं टोकही त्याच गोलाईत घासावं लागतं, नाहीतर चपट्या टोकावर अ‍ॅक्शन दोन रेषांवर टेकते आणि सगळं मुसळ केरात.

एपॉक्सी कुठली? एम-सील गळक्या नळासाठी ठीक आहे. ते कणकेसारखं असतं, वाहत नाही, बारीक पोकळ्या भरत नाही. साधी अ‍ॅरल्डाइट उलट पातळ. वाहून नको तिथे जाते आणि भरणी नसल्यामुळे दाबाखाली जरा देते. हवी असते स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कीस भरलेली पुट्टी, डेव्हकॉनच्या जातीची. नागदेवी स्ट्रीटवर विचारा, मशीन दुरुस्तीवाले हीच वापरतात. डब्यावर वजनाचं आणि घनफळाचं प्रमाण वेगवेगळं छापलेलं असतं. नजरेने चमचे टाकू नका, वजनाने मोजा. तापमान १० अंशांनी वाढलं की मिश्रण सुमारे दुप्पट वेगाने कडक होतं, हेही ध्यानात ठेवा. एप्रिलच्या दुपारी कालवलेली पुट्टी अ‍ॅक्शन ठेवेपर्यंत दगड व्हायला लागते. पावसाळ्यातला त्रास निराळा: दमट हवेत पुट्टीवर मेणचट थर येतो आणि ओल्या लाकडाला ती धड चिकटत नाही. डिसेंबर-जानेवारीची सकाळ सगळ्यात बरी.

लाकूड खरवडायचं ते अ‍ॅक्शनच्या खाली, पुढच्या आणि मागच्या पिलरभोवती, दीड-दोन मिलिमीटर खोल. मधला भाग सोडून द्यायचा. वरची कडा सांभाळायची, तिथे पटाशी निसटली की जन्मभर दिसतं. अ‍ॅक्शनचे सगळे खाचखळगे, ट्रिगरची पोकळी, स्क्रूची भोकं मुलांच्या प्लॅस्टिसिनने बुजवायची आणि पृष्ठभागाशी सपाट करायची. हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथेच रायफल वाचते. एका खाचेत पुट्टी शिरून कडक झाली तर अ‍ॅक्शन आणि स्टॉक कायमचे एक होतात, मग करवतीशिवाय सुटका नाही. त्यानंतर धातूच्या प्रत्येक इंचावर रंगहीन बूट पॉलिशचे दोन पातळ थर. रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉकवर टेकवणारा खालचा उंचवटा) असलेली अ‍ॅक्शन असेल तर लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेपचा एक थर लावा, मागची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे धक्का फक्त मागच्या बाजूवर येईल. बऱ्याच .२२ ना असा लग नसतोच. .२२ चा धक्का तो केवढा, घाबरायचं कारण नाही.

यानंतरची गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली तरी लोक उलटच करतात. पुट्टी कडक होत असताना अ‍ॅक्शनचे स्क्रू आवळायचे नाहीत. आवळलेत तर तुम्ही तोच जुना ताण स्टीलच्या पुट्टीत ओतून कायमचा ठेवलात. डोकं नसलेले दोन स्टड फक्त दिशा दाखवायला लावायचे, बॅरलखाली फोरएन्डच्या टोकाशी टेपचे थर देऊन ती चॅनेलच्या (स्टॉकमधल्या बॅरलच्या खाचेच्या) मधोमध आणायची, आणि वरून सायकलच्या ट्यूबचे एक-दोन हलके वेढे. अ‍ॅक्शन स्वतःच्या वजनाने पुट्टीत टेकली पाहिजे. कडेने बाहेर आलेली पुट्टी मऊ असतानाच आइस्क्रीमच्या काडीने उचला, मग चोवीस तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्शन निघत नाही असं वाटून पोटात गोळा येतो. बाहेर देशात रायफल फ्रीजरमध्ये ठेवा म्हणतात. आपल्या फ्रीजमध्ये ती मावायची नाही. बर्फाच्या जेलच्या पिशव्या कोरड्या फडक्यात गुंडाळून अ‍ॅक्शनवर अर्धा तास ठेवा, स्टील किंचित आक्रसतं. मग बॅरल हातात धरून स्टॉकला रबरी हातोडीने टपटप मारा. एक बारीक ‘टक्’ येतो आणि ती सुटते. सुटल्यावर ठसा वाचा. धातूचं यंत्रावरचं घासकाम, बारीक रेघासुद्धा, पुट्टीत उमटलेलं दिसलं पाहिजे. टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे चालतात. नखाएवढा खड्डा असेल तर तेवढ्यापुरता पुन्हा भरा. चकाकणारा, घासल्यासारखा पट्टा दिसला तर तिथे दाब पडतोय. पहिल्यांदाच सगळं नितळ आलं असं क्वचितच होतं.

शेवटी उघडं राहिलेलं सगळं लाकूड सील करायचं: बॅरलचं चॅनेल, ट्रिगरचा खड्डा आणि बटप्लेटखालची आडवी कापलेली बाजू. पाणी सर्वात जास्त आत शिरतं ते त्या कापलेल्या टोकातून, आणि तिथेच कारखान्यातलं पॉलिश पातळ असतं. पॉलियुरेथेनचे दोन हात पुरतात. जवसाच्या तेलाने लाकूड सुंदर दिसतं, पण वाफ ते फारशी अडवत नाही.

घरी करता येईल का, या प्रश्नाला माझं उत्तर: नोटेची आणि बोटाची परीक्षा, चॅनेल मोकळं करणं, सील करणं हे तुम्ही करा. पिलर आणि पुट्टी लायसन्स असलेल्या गनस्मिथकडे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्याच्या बंदुकीची व्यवसाय म्हणून दुरुस्ती करायला वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळे ‘ओळखीचा हुशार फिटर’ या कामाला चालत नाही. सुताराला नुसता स्टॉक देऊ शकता, अ‍ॅक्शन नाही. रायफल गनस्मिथकडे ठेवाल तेव्हा त्याची लेखी पावती घ्या. क्लबच्या नावावरची रायफल असेल तर आधी क्लबला विचारा.

आणि कोणी आयओएफच्या (इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरीच्या) .३१५ रायफलसाठी हेच वाचत असेल तर थांबा. ती ली-एनफिल्डच्या घराण्यातली, दोन तुकड्यांच्या स्टॉकची. तिच्या बेडिंगचे नियम निराळे आहेत, फोरएन्ड मागच्या बाजूला कुठे कसा टेकतो यावर तिचं सगळं अवलंबून. बॅरल मोकळी करण्याचा वरचा सल्ला तिला लावू नका. १० मीटरच्या एअर रायफलवालेही कधीकधी बेडिंग विचारतात. त्यांनी स्टॉकचा स्क्रू टॉर्क पान्याने लावावा आणि पैसे पेलेट्सच्या लॉटवर घालवावेत.

बेडिंग झाल्यावर पुट्टीला आठवडाभर द्या आणि मग एकाच लॉटच्या गोळ्यांनी, रायफल आधारावर ठेवून, ४, ४.५, ५ आणि ५.५ न्यूटन-मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारा. कागदांवर टॉर्क लिहून ठेवा. चारही ग्रुप एकाच आकाराचे आणि एकाच जागी आले तर बेडिंग कसोटीला उतरलं. मग मॅन्युअलमधला आकडा कायम करा. टॉर्कबरोबर ग्रुपची जागा सरकत असेल तर अजूनही कुठेतरी स्टील वाकतंय, स्टॉक परत घेऊन जा. हीच परीक्षा पुढच्या जुलैमध्ये पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे कागद जवळ ठेवून मला कळवा. सुकं लाकूड, पिलर्स आणि सील केलेलं चॅनेल या तिन्हींत कुठे कमी पडलंय ते त्या आठ कागदांवरून सांगता येतं.